नडगीवरची चार बोटे जागा

'चालणे' हा या अंकाचा विषय ठरल्यावर वर्धा जिल्ह्याकडे वळणे स्वाभाविक होते. मार्च १९५१मध्ये विनोबा पवनारहून पायी निघाले ते हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या संमेलनासाठी. पुढे तेलंगणात १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूदान सुरू झाले आणि या जिल्ह्यातला एक माणूस वर्षानुवर्षे देशभर चालत राहिला. पण वर्ध्यातल्या चालण्याची दुसरीही एक बाजू आहे आणि ती इथल्या रुग्णालयांच्या अस्थिरोग आणि शस्त्रक्रिया विभागांत दिसते. नागपूर-हैदराबाद महामार्ग जाम आणि हिंगणघाटवरून जातो, नागपूर-अमरावती मार्ग कारंजा-तळेगाववरून, यवतमाळकडचा रस्ता देवळीवरून आणि समृद्धी महामार्ग सेलू, येळाकेळी, विरूळच्या शिवारातून. या रस्त्यांना गावांचे पांदण रस्ते मिळतात, आणि त्यांवर दुचाकी, ट्रॅक्टर, कापसाने भरलेल्या गाड्या आणि भरधाव ट्रक एकत्र धावतात. अशा रस्त्यावरच्या अपघातात जीव वाचला, तरी दुचाकीस्वाराचा गुडघ्याखालचा पाय बहुतेक वेळा पहिला मार खातो. शेतातली मळणीयंत्रे, रोटाव्हेटर, कडबाकुट्टी, घोणसाच्या दंशाने सडलेली पावलाची कातडी, मोटारसायकलच्या आऱ्यात टाच अडकलेली मुले यांची त्यात भर पडते.

अशा पायाचे पुढे काय होते, हा या लेखाचा प्रश्न आहे. तुटलेले हाड जोडणे आता जिल्ह्याच्या ठिकाणी होते. रॉड, प्लेट, बाहेरून लावायच्या सळया हे शब्द गावोगाव माहीत झाले आहेत. पाय अडतो तो हाडापाशी नव्हे, हाडावरच्या उघड्या जागेपाशी. नडगीवर चार बोटे रुंदीचे हाड उघडे राहिले आणि ते वेळेत झाकले गेले नाही, तर उत्तम बसवलेला रॉडसुद्धा काही आठवड्यांत पूच्या डबक्यात उभा असतो. ती जागा झाकण्याची विद्या म्हणजे फ्लॅपची शस्त्रक्रिया. ही विद्या महानगरातल्या मोठ्या रुग्णालयांची चैन नाही. तिचा मोठा भाग जिल्ह्यातच रुजवता येतो आणि तिथेच तिचा खरा उपयोग आहे, असे या लेखाचे म्हणणे आहे. त्यावर गंभीर आक्षेप आहेत. त्यांना उत्तर दिल्याशिवाय हे म्हणणे टिकणार नाही.

नडगी इतकी उघडी का?

आपल्या मांडीत हाड स्नायूंच्या जाड थरात गाडलेले असते. मांडीचे हाड मोडले तरी ते बाहेर येण्यासाठी त्याला बरीच वाट काढावी लागते. गुडघ्याखाली मात्र रचना एकदम बदलते. पोटरीचा सारा मांसल भाग मागे आणि बाहेरच्या बाजूला असतो. नडगीची आतली कड गुडघ्यापासून घोट्यापर्यंत थेट कातडीखाली असते. बोट फिरवले तर ती संपूर्ण लांबीत हाताला लागते. म्हणजे या हाडाला पुढून संरक्षण आहे ते फक्त काही मिलिमीटर कातडीचे. गाडीचा बंपर किंवा चाकाची कड लागली की हाड मोडते आणि कातडी फाटते, या दोन गोष्टी एकाच क्षणी होतात. त्यात घोट्याकडे जाताना स्नायू संपतात आणि फक्त स्नायूबंध उरतात, त्यामुळे खालच्या तिसऱ्या भागात जवळपास कुठेही उसनी घेण्याजोगी मांसल ऊती नसते. रक्तपुरवठाही तिथे वरच्या भागापेक्षा तोकडा.

हाडाला जिवंत राहायला रक्त लागते. ते त्याला आतल्या मज्जेतून मिळते आणि बाहेरच्या पातळ आवरणातून मिळते. जोरदार अपघातात आतली धमनी तुटते, बाहेरचे आवरण खरवडले जाते आणि वरची कातडी निघून जाते. उरतो तो हवेत सुकणारा पांढरट, कोरडा तुकडा. त्यावर कितीही चांगली पट्टी बांधली तरी तो सुकतो, मरतो आणि जंतूंना घर होतो. हाडात शिरलेला जंतुसंसर्ग औषधाने सहज जात नाही, कारण मेलेल्या हाडात रक्त पोहोचत नाही आणि रक्त पोहोचत नाही तिथे औषधही पोहोचत नाही. वर्षानुवर्षे वाहणारी नडगी, अधूनमधून बाहेर पडणारे हाडाचे बारीक तुकडे आणि शेवटी निरुपाय म्हणून कापलेला पाय, ही जुन्या पिढीला ओळखीची कहाणी इथूनच सुरू होते.

चामडी लावणे पुरत नाही

रुग्ण आणि नातेवाईक साधारणपणे 'चामडी लावली' असे म्हणतात तेव्हा ते त्वचारोपणाबद्दल बोलत असतात. मांडीवरून कातडीचा अतिशय पातळ थर काढून जखमेवर पसरायचा. या थराबरोबर त्याची स्वतःची रक्तवाहिनी येत नाही. पहिले एक-दोन दिवस तो खालून झिरपणाऱ्या द्रवावर जगतो, मग जखमेच्या तळातून बारीक केशवाहिन्या त्यात शिरतात. तळ जिवंत, लालसर, रक्त असलेला असेल तरच हे होते. उघडे हाड, आवरण गेलेला स्नायूबंध, हाडाला लावलेली प्लेट यांच्यावर ही कातडी तगत नाही. काही दिवसांत ती काळी पडून गळते.

फ्लॅप वेगळा असतो. त्यात कातडी, खालची चरबी, कधी स्नायूवरचे पांढरे आवरण, कधी आख्खा स्नायू असा ऊतींचा जिवंत तुकडा त्याच्या धमनी-शिरांसकट उचलून शेजारच्या उघड्या जागेवर वळवतात. तो तळातल्या रक्तावर अवलंबून नसतो. उलट तोच आपले रक्त त्या कोरड्या जागेवर घेऊन येतो. आर्वी-कारंजाकडच्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल: संत्र्याचे रोप मुळाशी मातीचा गोळा ठेवून हलवले तर ते नव्या खड्ड्यात उभे राहते, उघड्या मुळांनी नेले तर ते जगेल की नाही हे सर्वस्वी नव्या मातीवर ठरते.

ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझीन'मध्ये एक पत्र छापून आले. इंग्रजी सैन्याबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा गाडीवान टिपूच्या कैदेत सापडला होता आणि त्याचे नाक व एक हात कापला गेला होता. पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याच्या कपाळावरची कातडी तिचा देठ न तोडता खाली वळवून त्याचे नाक उभे केले. सुश्रुतसंहितेत सांगितलेली नाक घडवण्याची जुनी रीत आणि पिढीजात हातकसब यांचा तो वारसा होता. लंडनच्या जोसेफ कार्पू यांनी १८१४मध्ये ही शस्त्रक्रिया केली आणि युरोपातल्या नव्या प्लास्टिक सर्जरीला त्यातून चालना मिळाली. देठ जिवंत ठेवला की कातडी जिवंत राहते, हे त्या कारागिराला सूक्ष्मदर्शकाशिवाय ठाऊक होते. पायावरच्या फ्लॅपचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. बदलला आहे तो देठ कुठे असतो याचा नकाशा.

पोटरीतले साठे

हा नकाशा समजून घेण्यासारखा आहे, कारण जिल्हा पातळीवर काय शक्य आहे ते त्यावरच ठरते. गुडघ्याखालचा भाग शल्यविशारद साधारण तीन तुकड्यांत पाहतात. वरच्या तिसऱ्या भागातली नडगी उघडी पडली तर पोटरीचा वरचा दोन शीर्षांचा स्नायू कामी येतो. त्याच्या प्रत्येक शीर्षाला गुडघ्यामागून एक मोठी धमनी मिळते. आतले शीर्ष खालून सोडवून पुढे वळवले तर ते गुडघ्याखालची जागा व्यवस्थित झाकते आणि त्यावर त्वचारोपण करता येते. दुसरे शीर्ष आणि त्याखालचा चपटा स्नायू शाबूत असल्याने माणूस पुढे नीट चालतो. मधल्या तिसऱ्या भागासाठी हाच खालचा चपटा स्नायू वळवतात. या दोन्ही शस्त्रक्रियांना सूक्ष्मदर्शक लागत नाही. लागते ती शरीररचनेची पक्की ओळख आणि संयम.

अवघड आहे तो खालचा तिसरा भाग, घोटा आणि टाच. इथे बराच काळ दोनच मार्ग होते. एक, दुसऱ्या पायाच्या पोटरीवरची कातडी या पायाला शिवून दोन्ही पाय सुमारे तीन आठवडे एकत्र बांधून ठेवायचे. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली ही रीत रुग्णाची कसोटी पाहणारी होती. दुसरा मार्ग १९७३मध्ये मेलबर्नमध्ये उघडला. रोलिन डॅनियल आणि इयान टेलर यांनी जांघेतला कातडीचा तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसकट पूर्ण सुटा केला आणि अपघातात उघड्या पडलेल्या खालच्या पायावर नेऊन तिथल्या वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडला. जगातल्या पहिल्या मुक्त फ्लॅपपैकी एक पायासाठीच झाला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

जिल्ह्याच्या दृष्टीने क्रांती मात्र त्यानंतरच्या दशकात झाली आणि ती तुलनेने शांतपणे झाली. स्वीडनच्या बेंग्ट पोंटेन यांनी १९८१मध्ये दाखवून दिले की पायावरची कातडी तिच्याखालच्या पांढऱ्या आवरणासकट उचलली तर ती पूर्वी समजत होते त्याहून खूप लांब घेता येते, कारण वाहिन्यांचे जाळे त्या आवरणाच्या पातळीवर पसरलेले असते. मग १९८३मध्ये पोटरीमागची कातडी खालच्या बाजूला देठ ठेवून उलटी वळवण्याची पद्धत मांडली गेली आणि फ्रान्सच्या मास्केले यांनी १९९२मध्ये कातडीच्या संवेदी मज्जातंतूंबरोबर धावणाऱ्या बारीक वाहिन्या हाच फ्लॅपचा आधार कसा होतो ते समजावले. पोटरीच्या मध्यातून खाली येणारा मज्जातंतू आणि त्याच्या सोबतची शीर यांच्यासह कातडीचा तुकडा वरून उचलायचा, बाहेरच्या घोट्याच्या टोकापासून साधारण पाच सेंटिमीटर वर देठ राखायचा आणि तो उलटा फिरवून टाच किंवा घोटा झाकायचा. सर्जन याला रिव्हर्स सुरल फ्लॅप म्हणतात. पुढे एकाच सूक्ष्म छेदक वाहिनीभोवती पंख्याच्या पात्यासारखा १८० अंशांपर्यंत फिरणारा प्रोपेलर फ्लॅप आला. त्यासाठी वाहिनीतला रक्तप्रवाह ऐकवणारा, हातात धरायचा छोटा डॉप्लर, भिंगाचा चष्मा आणि हळुवार हात एवढे पुरते.

बहात्तर तासांचे गणित

फ्लॅप येणे पुरेसे नाही. तो कधी केला, यावर बरेच काही अवलंबून असते. स्लोव्हेनियाच्या ल्युब्लियानाचे मार्को गोडिना यांचा ५३२ रुग्णांच्या अनुभवावर आधारलेला लेख १९८६मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचा मुक्त फ्लॅप अपघातानंतर ७२ तासांच्या आत झाला त्यांच्यात फ्लॅप फसण्याचे प्रमाण एक टक्क्यापेक्षा कमी होते. ७२ तास ते तीन महिने या काळात केलेल्यांमध्ये ते सुमारे १२ टक्के झाले. जंतुसंसर्गाचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून १७.५ टक्क्यांवर गेले. ब्रिटनमधल्या अस्थिरोग आणि प्लास्टिक सर्जनांच्या संघटनांनी त्यानंतर संयुक्त नियम केले. त्यांचा गाभा असा की अशा पायासमोर दोन्ही शाखांचे तज्ज्ञ पहिल्या दिवशीच एकत्र उभे राहावेत, प्रतिजैविक पहिल्या तासाभरात जावे, मेलेली ऊती पूर्ण काढली जावी आणि जागा ७२ तासांत झाकली जावी. कोइंबतूरच्या गंगा हॉस्पिटलने हीच गोष्ट भारतात करून दाखवली आणि पाय वाचवायचा की काढायचा हे ठरवण्यासाठी एक गुणांकनही दिले. कातडी, हाड, स्नायू आणि रुग्णाची एकूण अवस्था यांना गुण द्यायचे. बेरीज १४ किंवा कमी आली तर पाय राखायचा प्रयत्न, १७ किंवा अधिक आली तर तो काढण्याचा विचार.

आता हे घड्याळ जिल्ह्यातल्या एखाद्या पायाला लावून पाहावे. अपघात संध्याकाळी होतो. १०८ची रुग्णवाहिका जखमीला जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात आणते. तिथे रक्तस्राव थांबवणे, धनुर्वाताचे इंजेक्शन, सलाइन आणि फळी बांधणे होते. पुष्कळदा चांगल्या हेतूने फाटलेली कातडी ओढून घट्ट टाके घातले जातात, कारण उघडी जखम कुणालाही बघवत नाही. ही सर्वांत महागात पडणारी चूक. चिरडलेली, ताणलेली कातडी चौथ्या-पाचव्या दिवशी काळी पडते आणि तिच्याखाली पू साठतो. मग वर्ध्याला, तिथे खाट नसेल किंवा हात गुंतलेले असतील तर नागपूरला. प्रत्येक ठिकाणी नवा एक्सरे, नवा कागद, नवे ड्रेसिंग. हाडावर सळया लागतात, पण झाकण्याचा निर्णय 'जखम स्वच्छ झाली की बघू' यावर राहतो. असे आठ-दहा दिवस सहज जातात. या साखळीत कुणीही निष्काळजी नसले तरी घड्याळ हरते, कारण साखळीतल्या कोणत्याच कडीवर जागा झाकण्याची जबाबदारी लिहिलेली नसते.

हे चित्र बदलायला महागडी यंत्रे लागत नाहीत. पहिल्या रुग्णालयात भरपूर सलाइनने जखम धुणे, टाके न घालता ओलसर निर्जंतुक पट्टी, प्रतिजैविक आणि एक फोन, इतके झाले तरी फरक पडतो. दुसऱ्या ठिकाणी मेलेला स्नायू न कचरता काढावा लागतो; स्नायू जिवंत आहे का हे त्याच्या रंगावरून, घट्टपणावरून, चिमट्याने आकुंचन पावतो का आणि कापल्यावर रक्त येते का यावरून कळते. निर्वात दाबाने जखम ओढून धरणारी व्हॅक पट्टी आता सर्वत्र मिळते आणि ती उपयोगी आहे, पण ती फ्लॅपची जागा घेत नाही. ती दोन-चार दिवसांचा अवकाश मिळवून देते. उघड्या हाडावर आठवडेच्या आठवडे तीच लावत राहणे म्हणजे निर्णय पुढे ढकलणे.

'नागपूर काही दूर नाही'

पहिला आक्षेप असा: वर्ध्याहून नागपूर पाऊणशे किलोमीटर. तिथे सुसज्ज विभाग आहेत, मुक्त फ्लॅप करणारे सर्जन आहेत, मग जिल्ह्यात अर्धवट व्यवस्था कशाला? या आक्षेपात तथ्य आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी पन्नासच्या दशकाच्या अखेरीस उभा केलेला प्लास्टिक सर्जरीचा विभाग देशातल्या आद्य स्वतंत्र विभागांपैकी एक. दुभंगलेल्या ओठ-टाळूचे त्यांचे वर्गीकरण जगात नागपूरच्या नावाने ओळखले जाते. विदर्भाला ही परंपरा उसनी आणावी लागत नाही. पण अंतर किलोमीटरमध्ये मोजणे फसवे आहे. आष्टी तालुक्यातल्या शेतमजुराला नागपूर म्हणजे सोबत राहणाऱ्या माणसाची महिनाभराची बुडालेली मजुरी, परक्या शहरातले जेवण, आणि फ्लॅप झाल्यावर आठवड्याला ड्रेसिंगसाठी पुन्हा तीच वारी. ऐन कापूस वेचणीत घरातला एक माणूस आजारी आणि दुसरा त्याच्यापाशी, असे झाले की हंगाम गेला. अनेक पाय शस्त्रक्रिया फसल्याने जात नाहीत; ते मधल्या ड्रेसिंगला न आल्याने जातात.

शिवाय वर्धा रिकाम्या हाताने उभा नाही. शहराच्या एका अंगाला सेवाग्राम. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९मध्ये, गांधी शताब्दीच्या वर्षी, कस्तुरबा रुग्णालयाला जोडून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली ती ग्रामीण भागासाठी डॉक्टर घडवण्याच्या हेतूने. दुसऱ्या अंगाला सावंगी मेघेचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आणि त्याचे वैद्यकीय महाविद्यालय. सुमारे तेरा लाख लोकसंख्येच्या आठ तालुक्यांच्या जिल्ह्यात दोन मोठी शिकवणारी रुग्णालये असणे ही महाराष्ट्रात दुर्मीळ गोष्ट आहे. इथे शिकलेला शल्यविशारद पुढे हिंगणघाट, आर्वी, पुसद, वणी अशा गावांत बसतो. त्याच्या हातात पोटरीचा स्नायू वळवण्याचे आणि रिव्हर्स सुरल फ्लॅपचे कसब असेल तर त्याचा पल्ला एका जिल्ह्यापुरता राहत नाही.

दुसरा, अधिक तांत्रिक आक्षेप प्लास्टिक सर्जनांकडूनच येतो. स्थानिक फ्लॅप ही तडजोड आहे. पायावर आधीच मार बसला असताना त्याच पायातून ऊती घ्यायच्या, पोटरीवर आणखी एक व्रण ठेवायचा, आणि मधुमेही किंवा वाहिन्या अरुंद झालेल्या रुग्णात उलटा वळवलेला फ्लॅप शिरा तुंबून निळा पडण्याचा धोका पत्करायचा. हेही खरे आहे. म्हणून हा लेख मुक्त फ्लॅपच्या विरुद्ध नाही. हाडाचा मोठा तुकडा गेलेला असेल, जागा फार मोठी असेल, पोटरीच चिरडलेली असेल तर रुग्णाला थेट नागपूरला आणि तेही पहिल्याच दिवशी पाठवावे. पण मुक्त फ्लॅपला कित्येक तासांची शस्त्रक्रिया, दोन-तीन मिलिमीटरच्या वाहिन्या जोडणारी तुकडी आणि पुढचे दोन-तीन दिवस दर तासाला फ्लॅपचा रंग पाहणारी, गाठ झाली तर मध्यरात्री पुन्हा थिएटर उघडणारी व्यवस्था लागते. ती व्यवस्था मर्यादित आहे. टाचेवरच्या लहान जागांसाठी तीच वापरत राहिलो तर जिथे तिला पर्याय नाही त्या पायांची पाळी येत नाही. सोपे पाय जिल्ह्यात झाले तर अवघड पायांना शहरात जागा मिळते.

'त्यापेक्षा पाय काढलेला बरा'

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण, कारण तो बहुधा करुणेतून येतो. वर्षभर शस्त्रक्रिया, कर्ज, वाहती जखम आणि शेवटी निरुपयोगी पाय, यापेक्षा गुडघ्याखाली पाय काढून जयपूर फूट बसवावा. माणूस काही महिन्यांत शेतात उभा राहतो. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडवलेल्या जयपूर फूटने मांडी घालणे, अनवाणी चालणे, चिखलात उतरणे या आपल्याकडच्या गरजा ओळखल्या, हे त्याचे मोठेपण आहे. अमेरिकेतल्या आठ केंद्रांवर झालेल्या लीप या अभ्यासाने २००२मध्ये दाखवलेही की गंभीर जखमांमध्ये पाय राखलेले आणि पाय काढलेले रुग्ण दोन वर्षांनी कार्यक्षमतेत जवळपास सारखेच होते.

पण हाच पुरावा नीट वाचला तर तो जिल्ह्यातल्या पायाच्या बाजूने झुकतो. त्याच अभ्यासगटाच्या पुढच्या हिशेबात पाय काढलेल्याचा आयुष्यभराचा खर्च पाय राखलेल्याच्या सुमारे तिप्पट निघाला, कारण कृत्रिम पाय झिजतो, बदलावा लागतो, दुरुस्त करावा लागतो. आपल्याकडे त्या दुरुस्तीची साखळी अजून विरळ आहे. शिवाय तो अभ्यास पायाच्या सर्वांत भीषण जखमांचा होता. जिल्ह्यात वाया जाणारे कितीतरी पाय तेवढे वाईट नसतात. ते उशिरामुळे वाईट होतात. पाय काढणे योग्य ठरते असे प्रसंग निश्चितच आहेत: रक्तपुरवठा सहा तासांहून अधिक काळ तुटलेला, स्नायू मेलेले, किंवा सडलेल्या पायातून विष अंगभर पसरू लागलेले. तेव्हा मागेपुढे पाहू नये. पण तेव्हाही फ्लॅपची विद्याच उपयोगी पडते. गुडघ्याखालचा कापलेला भाग झाकायला पोटरीची लांब मागची घडी पुढे आणतात, तोही फ्लॅपच. कातडी कमी पडली म्हणून गुडघ्यावर काप घ्यावा लागला तर चालण्याचे श्रम कितीतरी वाढतात. ज्याला फ्लॅप येतो, त्याला गुडघा वाचवता येतो.

दत्तपूरचा धडा

या जिल्ह्याला पायाबद्दल एक जुने शहाणपण आहे आणि ते शस्त्रक्रियेच्या बाहेरचे आहे. मनोहर दिवाण यांनी १९३६मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम उभारले. सेवाग्रामला गांधीजींनी कुष्ठरुग्ण परचुरेशास्त्रींची शुश्रूषा स्वतः केली. १९५१पासून गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाचे काम वर्ध्यातून चालले. कुष्ठरोगाने पायाची संवेदना गेली की तळव्याला जखम होते ती रोगाने नव्हे, चालण्याने. दुखत नाही म्हणून माणूस त्याच जागेवर भार टाकत राहतो. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अँटिया यांनी कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर शस्त्रक्रिया केल्या. शस्त्रक्रियेनंतर पायात काय घातले जाते आणि माणूस रोज तळवा तपासतो का, यावर सगळे टिकते, हा या कामाचा निष्कर्ष होता.

फ्लॅपचेही तसेच आहे. टाचेवर वळवलेली पोटरीची कातडी जाड आणि सैल असते आणि तिला स्पर्श कळत नाही. तळव्याच्या आतल्या बाजूची, मज्जातंतूसह घेता येणारी कातडी टाचेसाठी अधिक चांगली. पण ती मर्यादित असते. म्हणून रुग्णाला मऊ, सूक्ष्मछिद्री रबराची चप्पल, रोज तळवा पाहण्याची सवय आणि फ्लॅप झाल्यापासून पाय उंच ठेवण्याची शिस्त शिकवावी लागते. आणि खर्रा सोडावा लागतो. विदर्भात ही गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. तंबाखूतल्या निकोटिनने बारीक वाहिन्या आकसतात आणि देठातून येणारे रक्त तिथेच कमी होते. वॉर्डातल्या उशीखाली ठेवलेली खर्र्याची पुडी फ्लॅपचा शत्रू आहे, हे नातेवाइकांना शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सांगण्याचे काम परिचारिका आणि समाजसेवक जितके चांगले करतील तितके सर्जन करू शकणार नाही.

करायचे काय?

डॉ. अँटिया यांनी आयुष्याचा उत्तरार्ध अलिबागजवळच्या मांडव्यात गावातल्या स्त्रियांना आरोग्याचे काम शिकवण्यात घालवला. देशातल्या अग्रगण्य प्लास्टिक सर्जनने असे करावे यात विसंगती नव्हती. कौशल्य जितके गुंतागुंतीचे तितके ते लोकांपासून दूर असलेच पाहिजे, हे गृहीतक त्यांना मान्य नव्हते. पायाच्या फ्लॅपबाबत तेच गृहीतक आज तपासून पाहायला हवे.

प्लास्टिक सर्जरीची पदवी एमएसनंतर आणखी तीन वर्षांची आहे आणि तेवढे तज्ज्ञ प्रत्येक जिल्ह्याला मिळणार नाहीत. म्हणून सामान्य शल्यविशारद आणि अस्थिरोगतज्ज्ञ यांच्या पदव्युत्तर शिक्षणातच पोटरीचे दोन स्नायू फ्लॅप आणि रिव्हर्स सुरल फ्लॅप हातात बसेपर्यंत शिकवावेत, आणि ही शिकवणी सेवाग्राम-सावंगीसारख्या ठिकाणी प्लास्टिक सर्जनांच्या देखरेखीखाली व्हावी. अननुभवी हात फ्लॅप बिघडवतील अशी भीती रास्त आहे. पण आज अनेक ठिकाणी पर्याय तज्ज्ञाचा फ्लॅप हा नसतो, पर्याय असतो तो न झाकलेले हाड. हाताचा कस वाढवण्याचा मार्ग त्याला काम नाकारण्याचा नसतो. दुसरे, जाम, तळेगाव, देवळीच्या वाटेवरून येणाऱ्या प्रत्येक उघड्या हाडाच्या पायासाठी पहिल्याच रुग्णालयातून अस्थिरोग आणि फ्लॅप करणाऱ्या सर्जनला एकाच वेळी कळवले जावे, जखमेचे छायाचित्र त्याच तासात जावे, आणि 'घट्ट टाके घालू नका' ही सूचना प्रत्येक आकस्मिक कक्षाच्या भिंतीवर असावी. तिसरे, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हाडाची आणि कातडीची शस्त्रक्रिया दोन सुटी कामे न मानता एकाच पायाचा एकच उपचार मानावा, आणि त्यात पुढच्या ड्रेसिंगचे, चपलेचे आणि व्यायामाचे पैसे धरावेत. सेवाग्रामच्या रुग्णालयाने एके काळी गावकऱ्यांकडून ज्वारीच्या रूपात वर्गणी घेऊन आरोग्यविमा चालवला. पैसा कमी असताना व्यवस्था कशी बांधायची याची आठवण या जिल्ह्याला बाहेरून करून द्यायला नको.

या तिन्ही गोष्टींत अशक्य काही नाही. रस्ते रुंद आणि वेगवान करण्यावर राज्याने जेवढा विचार आणि पैसा खर्च केला, त्याच्या छोट्याशा अंशाने त्या रस्त्यांवर मोडलेले पाय जागेवर ठेवता येतील. चालणारी माणसे ही या जिल्ह्याची ओळख आहे. त्यांचे चालणे पहिल्या तीन दिवसांत वाचवणे ही आता व्यवस्थेची जबाबदारी आहे, आणि ती कोणाची हे नावानिशी लिहिले गेले पाहिजे.